पेटीतला पट्टा

प्रश्न : ताई, आम्ही किनवट तालुक्यातले, आंध समाजाचे. वडील जाऊन दोन वर्षं झाली. वनहक्काचा पट्टा त्यांच्या नावावर आहे. त्या जमिनीत आईनं जन्मभर कापूस वेचला, तूर कापली. आता मोठा भाऊ म्हणतो, पट्टा माझ्याच नावावर होणार, बायांचं काय असतंय त्यात? आईचा हक्क आहे का?
– एक लेक, किनवट

उत्तर : आधी पेटीतून पट्टा, म्हणजे वनजमिनीच्या हक्काचा सरकारी कागद, काढा आणि पहिली ओळ नीट वाचा. छापील नमुन्यात धारकाच्या नावाबरोबर पती किंवा पत्नीचं नाव लिहायची जागा आहे. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी बायांना आपलं नाव कागदावर आहे हेच माहीत नसतं. कागद पत्र्याच्या पेटीत आणि किल्ली नवऱ्याच्या करदोट्याला!

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(४) सांगतं, की लग्न झालेलं असेल तर हक्क दोघांच्या नावे. म्हणजे आईचं नाव असेल, तर तिचा हिस्सा आधीपासूनच तिचा. भाऊ बोलू शकतो ते फक्त वडिलांच्या हिश्श्याबद्दल. नाव नसेल, तर ग्रामसभेत दुरुस्तीचा ठराव मागा, वनहक्काचे दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीला लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. ही जमीन वारशानं जाते, पण विकता येत नाही, हेही भावाच्या कानावर घाला.

वडिलांच्या हिश्श्याची गोष्ट जरा किचकट आहे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना, म्हणजे तुमच्या आंध समाजालाही, आपोआप लागू होत नाही. म्हणून 'आमच्यात लेकीला देत नसतात' एवढं म्हटलं की विषय संपायचा. पण १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात निकाल दिला. आईच्या माहेरच्या जमिनीत तिचा वाटा मागायला तिची मुलं कोर्टात गेली होती. खालच्या कोर्टांनी त्यांनाच विचारलं, बाईला वाटा मिळतो अशी रूढी दाखवा. सर्वोच्च न्यायालयानं ते उलटवलं : बाईला वगळायची रूढी असेल, तर ती वगळणाऱ्यानं सिद्ध करावी. त्या मुलांना समान वाटा मिळाला.

आणि बाई, तुम्ही फक्त आईचा हक्क विचारलात. वडिलांच्या हिश्श्यात तुमचाही लावून धरा.

ग्रामसभेला एकट्या जाऊ नका, शेजारणींना घेऊन जा. वनहक्काच्या सभेत हजर असलेल्यांपैकी निदान एक तृतीयांश बाया लागतात. हजेरीचं रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घेतले असतील, तर ते सभेतच बोलून दाखवा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.