दर दीड-दोन वर्षांनी यूपीएसची बॅटरी का जाते?

नवी बॅटरी आणण्याआधी एकदा मल्टिमीटर हातात घ्या. यूपीएस दिवसभर चालू राहू द्या, बॅटरी पूर्ण चार्ज झाली की तिच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीला २५ अंश तापमानात साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट फ्लोट (पूर्ण चार्ज झालेली बॅटरी भरलेलीच राहावी म्हणून चार्जर सतत देत राहतो ते व्होल्टेज) पुरतो. नेमका आकडा बॅटरीच्या माहितीपत्रकात असतो, तोच प्रमाण माना.

१४ च्या वर दिसला तर दुखणं सापडलं. जास्त व्होल्टेजमुळे आतलं पाणी वायू होऊन निघून जातं, धन प्लेटची जाळी गंजत जाते, आणि सीलबंद बॅटरीत पाणी घालायची सोय नसते. फुगलेली बॅटरी बहुतेक वेळा याच छळाची खूण. उलट फ्लोट कमी पडला तर प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात, क्षमता हळूहळू घटते.

माझ्या मते लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात ते उष्णतेकडे. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. शिवाय गरम बॅटरीला फ्लोट कमी लागतो: दर अंशाला सेलमागे (१२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा कप्पे असतात) सुमारे ३ मिलिव्होल्ट. ३५ अंशांत सहा सेल मिळून ०.१८ व्होल्ट कमी हवा, म्हणजे १३.६ ऐवजी १३.४ च्या आसपास. स्वस्त यूपीएस ही दुरुस्ती बहुधा करत नाहीत. म्हणून बॅटरी यूपीएसच्या गरम पोटातून बाहेर, हवेशीर जागी ठेवता आली तर बघा. वायर मात्र पुरेशी जाड आणि फ्यूज लावलेलीच हवी.

एकापेक्षा जास्त बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर प्रत्येकीचं व्होल्टेज वेगळं मोजा. नवी-जुनी जोडी लावू नका.