उत्पत्तीचं पुस्तक आणि झूलॉजीचं पुस्तक, एकाच बॅगेत

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. यूथ कॅम्पमधे त्या भाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं की उत्क्रांती मानणारा माणूस ख्रिस्ती राहूच शकत नाही, दोन्हीतलं एक निवडा, आणि तेव्हापासून झूलॉजीचं पुस्तक उघडलं की तुला पाप केल्यासारखं वाटतं, हे वाचून फार वाईट वाटलं गं. तुझ्याच वयाची असताना मलाही एका प्रचारकांनी हेच सांगितलं होतं आणि मी दोन वर्षं प्रॅक्टिकलला एक मन आणि उपासनेला दुसरं मन घेऊन जायचे. पुढे 31 वर्षं झूलॉजी शिकवलं, रविवारी संडे स्कूल घेतली, त्यामुळे जे सांगतेय ते दोन्ही घरांत राहून सांगतेय.

निवडायची गरज नाही. देव उत्पन्नकर्ता आहे हे मी मनापासून मानते आणि सगळे जीव बदलत बदलत एकाच मुळातून आले हेही मानते.

तुला आठवतं, शाळेत असताना तू माझी लॅब बघायला आली होतीस? उबवणीतल्या तीन दिवसांच्या अंड्याला वरून छोटी खिडकी पाडून दाखवली होती मी. पिवळ्या बलकावर रक्तवाहिन्यांची बारीक जाळी आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका, धडधडणारा. तू किती वेळ काहीच बोलली नव्हतीस. आता बायबलमधलं 139 वं स्तोत्र काढ. त्यात म्हटलंय की देवा, माझ्या आईच्या उदरात तू माझी घडण केलीस. मग स्तोत्र लिहिणाऱ्याच्या आईच्या पोटात पेशी विभागल्या नव्हत्या का, हृदय टप्प्याटप्प्याने तयार झालं नव्हतं का? झालंच होतं, आणि तरी ते देवाचं काम होतं. एम्ब्रियॉलॉजी, म्हणजे गर्भ कसा घडतो ते, शिकताना कुणालाच वाटत नाही की आता देवाला जागा उरली नाही. रोजची भाकर आपण देवाकडे मागतो आणि ज्वारी कुणी पेरली, कुणी दळली हेही आपल्याला पक्कं माहीत असतं. नऊ महिन्यांच्या घडणीला देवाचं काम म्हणायचं आणि कोट्यवधी वर्षांच्या घडणीला नाही म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

आता बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे, उत्पत्तीचे, पहिले दोन अध्याय सावकाश वाच, पाठ असल्यासारखे नको. सूर्य चौथ्या दिवशी येतो, पण सकाळ-संध्याकाळ पहिल्या दिवसापासून आहे. पहिल्या अध्यायात आधी पशू मग मनुष्य, दुसऱ्यात आधी मनुष्य मग पशू. लिहिणाऱ्याला हे दिसत नव्हतं असं समजायचं का? तो वेळापत्रक देत नव्हता, हे सगळं कुणाचं आहे आणि आपण कोण आहोत ते सांगत होता. आदाम या हिब्रू शब्दाचा अर्थच मनुष्य, आणि अदामा म्हणजे माती. आणि ‘पृथ्वी उपजवो’ ही आज्ञा बघ ना, देव पृथ्वीलाच कामाला लावतोय. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन या दिवसांवर वर्षानुवर्षं विचार करत होते, तेव्हा डार्विनचा जन्म व्हायला 1400 वर्षं बाकी होती, आणि त्यांनी बजावलं होतं की जे इतरांना अनुभवाने माहीत आहे त्याबद्दल ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नावाने चुकीचं बोलला तर ते लोक पुनरुत्थानावर तरी कसा विश्वास ठेवतील.

पृथ्वी सहा हजार वर्षांची हा हिशोब बायबलमधे कुठेच लिहिलेला नाही, 1650 मधे आर्चबिशप अशर यांनी वंशावळ्या जोडून इ.स.पू. 4004 हे साल काढलं. तू घाटातून येतेस तेव्हा रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराकडे बघ, काळ्या कातळाच्या दोन थरांमधे कधीकधी विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाला, त्यावर ऊन-पावसाने माती तयार झाली, मग त्यावर दुसरा लाव्हा आला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही आणि असे कितीतरी थर एकावर एक आहेत. तुझ्या पेशीतही असाच पुरावा आहे. चिंपांझीचे क्रोमोसोम, म्हणजे पेशीतले डीएनएचे धागे, 48, आपले 46, कारण आपला दोन नंबरचा क्रोमोसोम हा जुने दोन जोडून झालाय आणि टोकाला असायला हवा तो डीएनए त्याच्या मधोमध सापडतो. हे देवाने आपल्याला फसवायला ठेवलं असं मी म्हणू शकत नाही, माझा देव खोटं बोलत नाही.

या वाटेवर तू एकटी नाहीस. अमेरिकेत डार्विनची बाजू मांडणारे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धावंत ख्रिस्ती होते, आणि 1879 मधे खुद्द डार्विनने एका पत्रात त्यांचं उदाहरण देऊन लिहिलं की माणूस आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो यावर शंका घेणंच चुकीचं. माणसाचा सगळा डीएनए वाचणाऱ्या ह्यूमन जीनोम प्रोजेक्टचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्सही ख्रिस्ती. तुझ्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणीलाही सांग, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मधे म्हटलंय की उत्क्रांती आता नुसतं गृहीतक राहिलेली नाही.

आता जे अवघड आहे तेही सांगते, नाहीतर उद्या कुणी विचारलं तर तुला वाटेल मावशीने लपवलं. प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात म्हणतो की एका माणसाद्वारे पाप जगात आलं आणि पापाद्वारे मरण. पण डायनासोर तर माणसाच्या कितीतरी आधी मेले, मग? काहीजण म्हणतात पौल माणसाच्या मरणाबद्दल, देवापासून तुटण्याबद्दल बोलतोय, आणि मलाही तेच जवळचं वाटतं. आदाम एकच माणूस होता, एका समूहाचा पुढारी होता, की आपल्या सगळ्यांचं चित्र, यावर चांगले विश्वासू लोक अजून वेगवेगळं बोलतात. दुसऱ्या किड्याच्या जिवंत अळीला आतून खाणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीच्या किड्याबद्दल डार्विनने ग्रेंना 1860 मधे लिहिलं होतं, दयाळू देव असं मुद्दाम करेल हे पटत नाही म्हणून. दहा वर्षांची लेक गमावलेला बाप होता तो, त्याचा प्रश्न मी कधी हलका मानला नाही. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हते आहे असं लिहिलंय, आणि मी ज्याच्यावर विश्वास ठेवते तो स्वतः वधस्तंभावर कण्हला, एवढ्यावर मी उभी आहे.

त्या भाऊंशी सगळ्यांसमोर वाद घालू नकोस, त्यांचं प्रभूवर प्रेम आहे. पाळकसाहेबांना एकटी भेट आणि तुझे प्रश्न आहेत तसे विचार. परीक्षेत उत्क्रांतीचं उत्तर पूर्ण लिही, घाबरत लिहू नकोस, आणि झोपताना प्रार्थना चुकवू नकोस.

नाताळच्या सुट्टीत आलीस की आधीपासून दोन अंडी उबवायला ठेवते. या वेळी चौथ्या दिवसाचं बघू, पायांचे कोंब फुटलेले असतात.

तुझी,
मावशी