पदक राजाचे, व्याज कार्डाचे

माद्रिदमध्ये नोकरी करणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न असा: स्पेनचा राजा कार्लोस चौथा याच्या राज्यघोषणेनिमित्त 1789 मध्ये मेक्सिकोत पाडलेले चांदीचे पदक 1,200 युरोंना क्रेडिट कार्डावर घ्यावे का? विक्रेता वर्षाला 15 टक्के वाढीची खात्री देतो. पत्राच्या शेवटी ते ओघात लिहितात की, स्पेनचा राजा फेलिपे सहावा याच्या 2014 च्या राज्यघोषणेची चार पदके त्यांनी एका खासगी कंपनीकडून 1,800 युरोंना घेतली होती, कार्डावर आता एकूण 6,000 युरो बाकी आहेत, महिना 150 युरोंचा हप्ता ‘सोसवतो’, आणि पुण्यात 7 लाख रुपयांची एनआरई (अनिवासी भारतीयांनी परदेशी कमाईतून ठेवलेली) मुदत ठेव आहे.

आपला प्रश्न पदकाचा असला तरी उत्तर कार्डापासूनच सुरू करावे लागेल. आपल्या विवरणपत्रानुसार व्याज महिन्याला 2 टक्के, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे 27 टक्के आहे. 6,000 युरोंवर पहिल्याच महिन्याचे व्याज 120 होते आणि आपल्या हप्त्यातून मुद्दलात जेमतेम 30 युरो जातात. या गतीने कर्ज फिटायला पावणेसात वर्षे लागतील आणि एकूण 12,000 हून थोडे अधिक युरो मोजावे लागतील. विक्रेत्याची 15 टक्के वाढ खरी ठरली, तरी कार्डावर घेतलेल्या पदकात आपण वर्षाला 12 टक्के गमावणार.

पुण्याची ठेव साधारण 7 टक्के देत असेल. ती मोडावी आणि कार्ड पूर्ण फेडावे. एनआरई खात्यातील रक्कम परदेशी नेण्यास मोकळीक आहे. ठेवीला वर्ष झाले नसेल तर व्याज बुडेल, पण ते नुकसान कार्डाच्या चार-पाच महिन्यांच्या व्याजाएवढेच आहे.

त्याच वेळी कार्डाचा मूळ करार काढून वाचा. स्पेनमध्ये 1908 पासून सावकारीविरोधी कायदा आहे आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये अशाच कार्डावरील 27 टक्क्यांच्या आसपासचा दर त्याखाली अवाजवी ठरवला. फेब्रुवारी 2023 च्या निकालाने कसोटीही दिली: कराराच्या वेळच्या सरासरी बाजारदरापेक्षा कार्डाचा दर 6 टक्केबिंदूंहून (उदा. 20 वरून 26 च्या पुढे) अधिक असला, तर करार रद्द होतो आणि ग्राहकाला केवळ मुद्दलच द्यावे लागते. आपला करार त्यात बसतो का, हे वकिलाकडून तपासून बँकेच्या ग्राहक विभागाकडे लेखी दावा करावा. कर्ज फेडल्यामुळे हा हक्क जात नाही.

आता पदके. 2014 ची चार पदके प्रत्येकी एक औंसाची, म्हणजे एकूण सुमारे 125 ग्रॅम. चांदी किलोला 2,000 युरो धरली तर 250 युरोंची. उरलेले पैसे मखमली डबी, क्रमांकित प्रमाणपत्र आणि ‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांना गेले. ही गुंतवणूक म्हणून विकली, याचा मला राग येतो. ती चांदीच्या भावाने विकावीत किंवा घरी ठेवावीत.

1789 चे पदक मात्र वेगळ्या जातीचे आहे. शहराने नव्या राजाशी निष्ठेची शपथ घेतली की अशी पदके मान्यवरांना वाटत आणि गर्दीत उधळत. मेक्सिकोच्या अनेक पदकांचे ठसे तेथील टांकसाळीचे कोरीवकार खेरोनिमो आंतोनियो खिल यांनी कोरले. अशा पदकांची किंमत शहर, दुर्मीळता आणि अवस्था यांवर ठरते. गळ्यात घालण्यासाठी पाडलेले भोक किंवा काढलेल्या कडीची खूण दिसली तर ती बरीच उतरते, आणि ओतीव नकलाही फिरतात. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू स्पेनबाहेर नेण्यास परवाना लागतो, म्हणजे पुण्याला परतताना ते सहज सामानात टाकता येणार नाही. कर्ज संपल्यावर पगाराच्या शिल्लक रकमेतून, विक्रेत्याखेरीज दुसऱ्या जाणकाराला दाखवून, छंद म्हणून ते अवश्य घ्या. 1,200 युरो परत येतील हे मात्र गृहीत धरू नका.