लॅपटॉप कपाटात, मुलगा गप्प

प्रश्न : मुलाने यंदा बारावी सायन्स केलं. बोर्डात ६२ टक्के, सीईटीला ७१ पर्सेंटाइल. एप्रिलमध्ये एका रात्री पाणी प्यायला उठलो तर दीड वाजता हा लॅपटॉपवर. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सिनेमात हॅकर दाखवतात तशी. म्हणाला, "आत दुसरा कॉम्प्युटर चालवतोय." दोन वर्षांपूर्वी ४२ हजारांना घेतलेला, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. दुकानात दाखवला तर तो म्हणाला, हे लिनक्स, हॅकिंगवाले वापरतात, विंडोज खराब होईल, फॉरमॅट मारावा लागेल. तेव्हापासून लॅपटॉप लोखंडी कपाटात आहे, चावी मी ऑफिसला नेतो. आता तो सकाळी सहाला उठून पुस्तक घेऊन बसतो, घरात फारसं बोलत नाही, म्हणजे उपाय लागू पडला. आता रिपीट करून पुन्हा सीईटीला बसवू, की पीएफमधून पैसे काढून मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला घालू? मी पतपेढीत अकाउंटंट आहे. पुरावा म्हणून त्या रात्रीचा फोटो जोडला आहे. — एक पालक, कळवा

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तिन्ही वेळा अडखळलो ते एकाच ओळीवर : "घरात फारसं बोलत नाही, म्हणजे उपाय लागू पडला."

लहान पोर तापात गप्प पडून राहिलं की आपण त्याला शहाणं झालं म्हणत नाही, कपाळाला हात लावून बघतो. अठरा वर्षांचा मुलगा दोन महिने घरात बोलत नाही आणि तुम्हाला हायसं वाटतंय, याची मला त्याच्या ७१ पर्सेंटाइलपेक्षा कितीतरी जास्त काळजी वाटते. आणि तो सहाला उठून पुस्तक घेऊन बसतो म्हणता, पण कुठलं पुस्तक? बोर्ड झालं, सीईटी झाली, दोन्ही निकाल लागले. जूनमध्ये बारावीचं पुस्तक उघडून तो काय वाचतोय, हे एकदा तरी विचारलंत का? मला तरी वाटतं, तो अभ्यास करत नाहीये. तुम्ही ऑफिसला निघेपर्यंत तुमच्या नजरेला बरं दिसेल असं काहीतरी समोर धरून बसतोय.

आता तुमच्या पुराव्याकडे येतो.

फोटो हललेला आहे, वर फ्लॅशचा पांढरा डाग पडलाय, पण वाचता येतो. पडद्यावर शेजारी शेजारी दोन काळ्या खिडक्या आहेत. डावीकडच्या खिडकीत एक यंत्र दुसऱ्याला हाक मारतंय. वरच्या काही ओळींत उत्तर आलेलं नाही, "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल", म्हणजे समोरचं यंत्र सापडत नाही, असंच पुन्हा पुन्हा आलंय. शेवटच्या चार ओळींत मात्र १९२.१६८.५६.१०२ या पत्त्यावरून उत्तर आलंय, प्रत्येक वेळी मिलिसेकंदाच्या आत. लॅपटॉपच्या कडेला एक वही उघडी आहे. तिच्यात "दोघांना १०.०.२.१५?? एकच नंबर कसा?" असं लिहून त्याभोवती लाल पेनानं दोनदा गोल केलाय. खाली "होस्ट-ओन्ली" लिहून अधोरेखित केलंय.

यातलं तुम्हाला काय दिसलं ते कळलं. मला काय दिसलं ते सांगतो. मुलानं व्हर्च्युअलबॉक्स नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून एकाच लॅपटॉपमध्ये दोन उबंटू मशीन उभी केली. उबंटू हा लिनक्सचाच एक प्रकार, आणि लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम. अशा सॉफ्टवेअरनं बनवलेल्या आतल्या कॉम्प्युटरला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हे सॉफ्टवेअर, आपण काही बदललं नाही तर, प्रत्येक मशीनला वेगळ्या आडोशामागे बसवतं आणि दोघांनाही १०.०.२.१५ हाच पत्ता देतं. दोन वेगळ्या सोसायट्यांमध्ये फ्लॅट नंबर १०१ असावा तसं. पत्ता सारखाच, पण एका घरातून दुसऱ्या घरात जायला वाट नाही. नवशिक्या इथं हमखास अडकतो. तुमचा मुलगाही अडकला, चिडून त्यानं लाल गोल केला, मग नेटवर्कचा प्रकार बदलून वहीतला तो "होस्ट-ओन्ली" केला, म्हणजे दोन्ही मशीन एकाच आडोशात आणली, दोघांना वेगवेगळे पत्ते मिळवून दिले आणि रात्री दीड वाजता एका मशीनची हाक दुसऱ्यानं ऐकली. नेमके त्याच क्षणी तुम्ही पाणी प्यायला उठलात.

काळ्या पडद्याचंही कारण साधं आहे. ८ जीबी रॅममध्ये विंडोज आणि वर दोन पाहुणी मशीन चालवायची तर चित्रं-खिडक्यांवाली आवृत्ती जड जाते. म्हणून त्यानं उबंटूची सर्व्हर आवृत्ती घेतली. तिला चित्रांचा पडदाच नसतो, नुसती अक्षरं. आहे त्या साधनात भागवायचं कसं, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यानं ते स्वतः शोधून काढलं.

दुकानदारानं डोक्यात घातलेला गैरसमज मात्र नीट काढून टाकायला हवा, कारण तुमचा सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. एकाच कॉम्प्युटरवर दुसरी सिस्टिम ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत डिस्कची वाटणी करून विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवतात आणि कॉम्प्युटर सुरू करताना कुठलं हवं ते निवडतात. तिथं वाटणी चुकली तर जुना डेटा जाऊ शकतो, ती भीती खरी आहे. तुमच्या मुलानं दुसरी तऱ्हा वापरली. त्यात विंडोज जागच्या जागी राहतं आणि पाहुण्या मशीनची अख्खी डिस्क म्हणजे विंडोजमधली एक मोठी फाइल असते. मशीन बंद केलं की ते रॅममधलं टिचभरही घेत नाही. चालू असेपर्यंत लॅपटॉप मंदावतो, तेवढी तक्रार रास्त आहे. फाइल वाढत जाते आणि आपोआप लहान होत नाही, त्यामुळे डिस्क भरते, हेही खरं. पण नको झालं तर मशीन आणि तिची फाइल काढून टाकायची, संपलं. फॉरमॅट कशाला मारायचा? तुम्ही हिशेबातले आहात, तुमच्याच भाषेत सांगतो : विंडोज ही त्याची पक्की वही आहे आणि व्हर्च्युअल मशीन ही कच्ची. कच्च्या वहीत खाडाखोड करा, पान फाडा, पक्क्या वहीला डाग लागत नाही. शिवाय इथं स्नॅपशॉट नावाची सोय आहे : काही धाडस करण्याआधी खूण करून ठेवायची, बिघडलं तर त्या खुणेपर्यंत मागे यायचं. शिकणाऱ्या पोराला बिघडवायची मुभा देणारी इतकी स्वस्त जागा दुसरी नाही, आणि तुम्ही नेमकी तीच कुलपात घातलीत.

ही हॅकरांची क्लृप्ती आहे, हेही मनातून काढा. एका यंत्रात अनेक यंत्रं चालवण्याचं काम आयबीएमनं १९६० च्या दशकात मेनफ्रेम नावाच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर सुरू केलं. १९९८ मध्ये निघालेल्या व्हीएमवेअर कंपनीनं पुढच्याच वर्षी ते साध्या पीसीवर आणलं. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीनं त्यासाठीची सोय थेट प्रोसेसरमध्येच दिली. २००६ मध्ये अॅमेझॉननं अशी मशीन इंटरनेटवरून तासाच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. आज ज्याला सगळे क्लाउड म्हणतात, त्याचा पाया हाच. आणि हे तुमच्यापासून फार लांबही नाही. कळव्याहून विटावा, दिघा ओलांडून ठाणे-बेलापूर रस्त्यानं पुढे जा. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. तिथल्या एकेका सर्व्हरवर अशीच कित्येक मशीन रात्रंदिवस चालतात, आणि ती उभी करणं, एकमेकांशी जोडणं, अडली की रात्री उठून सोडवणं हे पगार घेऊन करणारी माणसं आहेत. तुमच्या मुलानं त्या रात्री केलं ते याच कामाचं पहिलं पान आहे.

गुन्हा कशाला म्हणतात तेही स्पष्ट सांगतो, म्हणजे त्यालाही दाखवता येईल. परवानगी नसताना दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शिरणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ नुसार अप्रामाणिक हेतूनं असं केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या फोटोतली दोन्ही मशीन त्याचीच आहेत. शेजाऱ्याचं वायफाय ही मात्र प्रयोगशाळा नाही, एवढं त्यानं पक्कं लक्षात ठेवावं.

आता तुमचे दोन पर्याय. मला दोन्ही मान्य नाहीत.

रिपीट कशासाठी? अमुक एकाच कॉलेजात जायचं असा ध्यास मुलाला असेल आणि वर्षभर खपायची त्याची स्वतःची तयारी असेल, तर रिपीटला अर्थ असतो. तुमच्या पत्रात तसं एक वाक्यही नाही. बोलणं थांबलेल्या मुलाला आणखी एक वर्ष त्याच पुस्तकांसमोर बसवाल, तर पुढच्या जूनमध्ये काय हातात येईल याचा मीच धसका घेतलाय.

मॅनेजमेंट कोटा तर अजिबात नको. पीएफ हा तुमच्या म्हातारपणाचा पैसा आहे. तो ओतला की मुलगा पहिल्या दिवसापासून त्या रकमेचं ओझं घेऊन वर्गात बसेल आणि प्रत्येक एटीकेटीला घरात ती रक्कम निघेल. असे मुलगे माझ्यासमोर येऊन बसलेत. फी किती भरली ते रुपयापर्यंत पाठ असतं, विषय कुठला आवडतो ते सांगता येत नाही.

वाटा बऱ्याच आहेत आणि त्या तुम्हाला माहीत असतील, म्हणून थोडक्यात. भौतिक, रसायन, गणितात मिळून ४५ टक्के असतील (खुल्या प्रवर्गाची अट एवढीच आहे) तर कॅप राउंडला, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीला, अर्ज नक्की भरा, फक्त कॉम्प्युटरच हवं असा हट्ट धरून बसू नका. बीएस्सी आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्स ही दुय्यम वाट नाही, या कामासाठी तर ती चांगलीच सरळ वाट आहे. बीसीएलाही वेगळी सीईटी असते, ती दिली नसेल तर यंदा तो विचार सोडा. बारावी सायन्सनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि तो डिप्लोमा झाल्यावर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हा रस्ता पालक विसरतात, आणि हातानं शिकणाऱ्या मुलाला तो बहुतेक वेळा मानवतो. यातलं कुठलंही घ्या, पण घेताना तो बोलत असला पाहिजे.

मुलासाठीही चार शब्द, हे त्याला वाचायला द्या. तू केलंस ते चांगलं केलंस, पण अजून ते थोडं आहे. दोन मशीन एकमेकांना हाक मारायला लागली, आता एकावर वेबसाइट चढव आणि दुसऱ्यावरून उघड. मग तिसरं मशीन आण. रॅम पुरणार नाही, तेव्हा काय बंद ठेवायचं ते ठरव. या क्षेत्रातली, लिनक्सवर काम करणाऱ्या रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए परीक्षा बघून ठेव. तिथं पर्याय निवडायचे प्रश्नच नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही ते टिकावं लागतं. ती आज देऊ नकोस, पण अभ्यास त्या रोखानं कर. इंग्रजी वाचन वाढव, कारण अडल्यावरची उत्तरं बहुतेक इंग्रजीत मिळतात. गणित सोडू नकोस. नेटवर्कचे पत्ते कसे विभागायचे हे दोनाच्या घातांकांवाचून कळत नाही. आणि रात्री दीड नको. वडिलांची ती तक्रार बरोबर आहे, साडेअकराला मशीन बंद करायचं.

तुम्ही मात्र कॅपचा अर्ज भरण्याआधी एक काम करा. या रविवारी चावी ऑफिसच्या पिशवीतून काढा आणि लॅपटॉप त्याच्या हातात द्या. माफी मागायला जमत नसेल तर हा फोटो समोर धरा आणि विचारा, दोघांना एकच नंबर का मिळाला होता? सुरुवातीला तो तुटक उत्तर देईल. तुम्हाला कळलं नाही तर "पुन्हा सांग" म्हणा, खरोखर न कळल्यासारखं, कारण ते पहिल्या वेळी कळत नाहीच. दुकानदाराच्या भीतीनं काही काढून टाकलं असेल तर तेही त्याला तेव्हाच सांगा, नंतर स्वतः उघडून त्याला कळू देऊ नका.

दोन महिने कपाटात पडून बॅटरी उतरलेली असेल. चार्जरला लावून अर्धा तास तरी थांबावं लागेल. तेवढा वेळ उठून जाऊ नका, त्याच खोलीत बसा.