इंजुरी म्हणजे जखमच का?

साखर पेठेतल्या शेजारच्या मुलानं विचारलंय, "काका, इंजुरीला मराठीत जखमच म्हणायचं ना? अप्पांच्या विम्याच्या अर्जात तसंच लिहिलं, तर जखम कुठाय म्हणून अर्ज परत आला."

त्याचे अप्पा यंत्रमागावर आहेत. चालत्या मागातनं धोटा उडाला आणि खांद्यावर बसला. रक्ताचा थेंब नाही, पण दुसऱ्या दिवशी खांदा काळानिळा आणि हात वर जाईना. याला आपल्याकडं कुणीही मुका मार म्हणेल. कातडी शाबूत, सगळं आतल्या आत. वरून काही बोलत नाही म्हणून मुका. इतका नेमका शब्द घरात असताना तो अर्जात का येऊ नये?

जखम म्हटलं की कातडी फाटलेली हवी. इंग्रजीत ते वूंड. इंजुरीत मात्र मुका मार, मोडलेलं हाड, मुरगळलेला पाय, भाजलेला हात सगळंच येतं. म्हणून तिला इजा किंवा दुखापत. माझ्या कानाला अवयवासाठी इजा बरी वाटते, जसं ‘डोळ्याला इजा’, आणि माणसासाठी दुखापत. जखम फारसीतनं आली, इजा मूळची अरबी, पण आता दोन्ही आपल्याच.

कायद्यातली इंजुरी याहून मोठी. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४ नुसार शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदा पोचवलेला कोणताही अपाय म्हणजे इंजुरी. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच व्याख्या आहे. म्हणजे कुणाची नाहक बदनामी झाली तरी ती इंजुरीच, अंगावर ओरखडा नसला तरी. तिथं मी क्षती म्हणेन. शारीरिक दुखापतीला कायद्यात हर्ट हा वेगळा शब्द आहे. इंजुरीचं मूळ लॅटिनमधलं: ‘यूस’ म्हणजे हक्क, न्याय, आणि त्याआधीचा ‘इन’ नकाराचा. मुळात शब्दाचा अर्थच अन्याय. ‘इंजुर्ड पार्टी’चं भाषांतर कुणी ‘जखमी पक्ष’ करतं तेव्हा म्हणूनच जिवाला लागतं. तो अन्याय झालेला पक्ष. ‘ॲड इन्सल्ट टू इंजुरी’मध्येही इंजुरी ती अन्यायाचीच, पण मराठीत तिथं जखमेवर मीठ चोळणंच शोभतं.

तर बाळा, नव्या अर्जात असं लिही: ‘मागाचा धोटा लागून उजव्या खांद्याला इजा. मुका मार. उघडी जखम नाही.’