‘कित्ता’ खोडण्याआधी

प्रश्न: इतिहासावरचा माझा शोधनिबंध एका मराठी नियतकालिकाकडे गेला आहे. लागोपाठच्या दोन तळटिपांत एकच ग्रंथ आला तिथे मी ‘कित्ता, पृ. ४५’ असं लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे ‘कित्ता’ खोडून ‘तत्रैव’ केलं आणि समासात लिहिलं, ‘कित्ता गिरवायचा असतो, तळटिपेत लिहायचा नसतो.’ हे बरोबर आहे का? आणि आधी कुठेतरी उद्घृत केलेला ग्रंथ बऱ्याच टिपांनंतर परत आला, तर ‘उपरोक्त’ लिहावं का?

उत्तर: दुसरा प्रश्न आधी उरकतो, कारण ‘उपरोक्त’ दिसलं की माझं डोकं फिरतं. उपरि + उक्त = उपर्युक्त. ‘इ’पुढे ‘उ’ आला की ‘य्’ होतो, ‘ओ’ होत नाही. ‘पूर्वोक्त’ मात्र बरोबर आहे, कारण तिथे पूर्व + उक्त आहे. त्या पूर्वोक्ताच्या साच्यात उपरि कोंबून लोकांनी उपरोक्त बनवला, आणि आता सरकारी परिपत्रकापासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत तोच सुखाने नांदतो. तुम्हाला हवा आहे तो शब्द ‘पूर्वोक्त’. लेखकाचं नाव, पूर्वोक्त, पृष्ठ. संपलं.

‘तत्रैव’बद्दलही फार सांगण्यासारखं नाही. तत्र + एव, म्हणजे तिथेच. लॅटिन ‘इबिडेम’चा अर्थही नेमका हाच, आणि इंग्रजी तळटिपांतलं ‘इबिड.’ हे त्याचंच आखूड रूप. शब्द चांगला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते समासातल्या त्या शेऱ्याशी.

कित्ता म्हणजे फक्त गिरवायची ओळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी जुनी यादी किंवा जमाखर्चाचा कागद पाहिलेला नसावा. तिथे ‘कित्ता’चा अर्थ सरळ ‘वरीलप्रमाणे’ असा आहे. आपल्या जुन्या संशोधकांनी तो तिथूनच उचलून तळटिपेत बसवला. म्हणजे तळटिपेतला कित्ता ही कुणा अर्धशिक्षिताची चूक नसून दप्तरातून चालत आलेला रिवाज आहे.

आता खरी मजा. शब्द अरबी आहे: कित्अ. धातू क-त-अ, अर्थ कापणे, तोडणे. कित्अ म्हणजे तुकडा. फारसी सुलेखनात एका सुट्या पानावर, बहुधा तिरप्या ओळींत, नस्तालीक लिपीत लिहिलेल्या नमुन्याला हेच नाव आहे. हेरातच्या मीर अलीने लिहिलेले असे तुकडे जहांगीर बादशहाने हौसेने जमवून आपल्या चित्रसंग्रहांत डकवून घेतले होते. उस्तादाचा तुकडा समोर ठेवायचा आणि शिष्याने तसंच वळण काढायचं. तोच हा आपला कित्ता.

याच धातूची दोन भावंडं मराठीत राजरोस वावरतात आणि कुणाला पत्ता नसतो. मक्तेदाराचा मक्ता, म्हणजे ठरावीक रकमेवर तोडून दिलेला वसूल. आणि गझलेचा मक्ता, जिथे गझल तुटते तो शेवटचा शेर. दिल्लीच्या सुलतानांचा ‘इक्ता’, म्हणजे सरदाराला तोडून दिलेला महसुली मुलूख, तोही याच घरातला.

मग ‘त’ दुप्पट कसा झाला? त्याचं उत्तर ‘ऐन’ या अरबी अक्षरात आहे. हा घशातला आवाज आपल्याला जमत नाही. आपण तो गिळतो आणि रिकाम्या जागेत आधीच्या व्यंजनाला जोर देतो. कल्अचा किल्ला झाला, जुम्अचा जुम्मा, रुक्अचा रुक्का, आणि कित्अचा कित्ता. चार शब्द एका रांगेत ठेवून मोठ्याने म्हणा. मी हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा स्वयंपाकघरातून विचारणा झाली होती की बरं आहे ना. (दफ्अचा दफ्फा न होता दफा का राहिला, असं कुणीतरी विचारणारच. विचारा. एक दफा माफ.)

काही पंडित ‘कित्ता’ संस्कृत ‘कृत’वरून काढतात. त्यांना मराठीच्या घरातल्या रीतीच ठाऊक नाहीत, असं म्हणावं लागेल. प्राकृतातलं जोडाक्षर मराठीत येताना सुटं होतं आणि आधीचा स्वर लांबतो. भक्त, भत्त, भात. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. या वाटेने ‘कित्त’ आला असता तर आज आपण ‘कीत’ गिरवत बसलो असतो. प्रत्येक शब्दाला मुंज लावायची ही हौस आता पुरे. माधव जूलियनांनी १९२५ सालीच फार्शी–मराठी कोश करून ठेवला आहे, तो चाळायला काय हरकत आहे?

उरला एक दुवा. गिरवण्याचा कित्ता आणि ‘वरीलप्रमाणे’चा कित्ता एक कसे? सर्वसाधारण मत असं की तुकडा, मग यादीतली एक बाब, मग ‘तीच बाब’. असेल. मला ते कोरडं वाटतं. आमच्या घरी आजोबांचा मोडीचा कित्ता होता. वर एक वळणदार ओळ, आणि खाली पाच रिकाम्या ओळी. त्या रिकाम्या ओळींत काय भरायचं? वरचंच. माझ्या मते ‘वरीलप्रमाणे’ हा अर्थ त्या रिकाम्या जागेतून आला. पुरावा मागू नका, पण तळटिपांची उतरंड पाहा: वर पूर्ण नोंद, खाली कित्ता, कित्ता, कित्ता. दिसतं की नाही तेच पान? इटालियन व्यापाऱ्यांच्या ‘डिट्टो’चा अर्थ नुसता ‘उक्त’, म्हणजे म्हटलेलं. आमच्या शब्दात निदान हाताचं वळण तरी आहे.

हां, तुमचा निबंध. नियतकालिकाचा नियम ‘तत्रैव’ असेल तर निमूटपणे तत्रैव करा, फक्त शेरा मान्य करू नका. एपीए ही संदर्भ देण्याची अमेरिकी पद्धत मागत असतील तर दोन्ही विसरा. तिथे लेखक आणि वर्ष मजकुरातच कंसात येतं, दर वेळी. ‘शिकागो मॅन्युअल’ या संदर्भ-नियमांच्या पुस्तकानेही २०१७च्या सतराव्या आवृत्तीत ‘इबिड.’ऐवजी लेखकाचं आडनाव आणि आखूड शीर्षक पसंत केलं. कारण व्यवहारी आहे आणि मी ते भोगलं आहे. छपाईच्या आदल्या दिवशी मी तेराव्या आणि चौदाव्या टिपेच्या मध्ये एक नवी टीप घुसवली. चौदावीतला ‘कित्ता’ पंधरावा झाला आणि पेशव्यांचं एक पत्र थेट एका पाककृतीच्या पुस्तकाच्या नावावर छापून आलं. तेव्हा मसुद्यात सगळीकडे पूर्ण नोंद ठेवा. कित्ता काय, तत्रैव काय, शेवटचं मुद्रित हातात आल्यावरच घाला.

आणि तुमच्या प्रश्नात ‘उद्घृत’ आहे. उद् + हृत = उद्धृत, म्हणजे उचलून घेतलेलं. घृत म्हणजे तूप.