स्कॉटलंडमधल्या गेलिक लोकांची भौतिक संस्कृती (म्हणजे घरं, अवजारं, कापड अशा वस्तूंतून दिसणारं जगणं) आणि सामाजिक इतिहास यात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर गेलिक भाषा यायलाच हवी का?

हो, यायलाच हवी, आणि प्रवेशाची वाट न बघता आजच सुरुवात करा. इतिहासात एम.ए. झालंय, कोकणातल्या खोतीवर प्रबंध लिहिलाय, इंग्रजी कागदपत्रं वाचायची सवय आहे, मग तेवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही भागणार.

एक तर स्काय बेटावरच्या सावल मोर ओस्तिक या महाविद्यालयात (स्थापना 1973) या विषयाचा जो एम.एससी. अभ्यासक्रम आहे, तो गेलिक माध्यमातला आहे. पण त्याहून मोठं कारण तुम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडतील त्या कागदपत्रांतच आहे. स्कायच्या ब्रेज भागात 1882 साली कुळं आणि पोलीस यांच्यात झटापट झाली. त्यानंतर सरकारने नेमलेला नेपियर आयोग 1883 मध्ये बेटाबेटांवर फिरला आणि त्याने खंड, चराईचे हक्क, घरं, अन्न, होड्या या सगळ्यांवर साक्षी घेतल्या. असंख्य साक्षीदार गेलिकमध्ये बोलले, दुभाषांनी इंग्रजी केलं आणि छापलं गेलं ते इंग्रजी. आज आपण वाचतो ते दुभाषाचे शब्द आहेत. त्यामागचं बोलणं कसं असेल याचा अंदाज भाषा येत असेल तरच बांधता येतो. खोतीची भांडणं वाचलेल्या माणसाला साक्षींची ही छापील पुस्तकं खाली ठेववणार नाहीत.

वस्तूंचा अभ्यास म्हणजे संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंची यादी का, हा तुमचा दुसरा प्रश्न. अजिबात नाही. घराच्या छपराचं उदाहरण घ्या. लुईससारख्या बेटांवर झाडं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे छपराचं लाकूड म्हणजे कुटुंबाची खरी मालमत्ता. भिंती दगड-मातीच्या, जमीन जमीनदाराची, पण वासे अनेकदा कुळाचे. घर सोडावं लागलं की माणसं ते वासे सोबत नेत. 1814 मध्ये उत्तर स्कॉटलंडमधल्या सदरलंड परगण्यातल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातून कुळं हुसकावताना घरांची लाकडं जाळली गेली, ती माणसं परत येऊन राहू नयेत म्हणून. त्या प्रकरणी पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर 1816 मध्ये इन्व्हरनेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. जमिनीचा सगळा इतिहास असा एका वाशाला धरून मांडता येतो. पुढे 1886 च्या कायद्याने कुळांना कब्जाची शाश्वती दिली, शिवाय जमीन सोडताना केलेल्या सुधारणांची भरपाईही देऊ केली. स्वतःच्या खर्चाने पक्कं घर बांधण्यात अर्थ आहे असं कुळाला वाटायला तिथून आधार मिळाला.

कास-ख्रोम या पायनांगराचंही तसंच. बाहेरून आलेल्यांनी तो मागासलेपणाची खूण मानला. पण सुपीक खोऱ्यांतून काढून खडकाळ किनाऱ्यावर बसवलेल्या माणसाला त्या तुकड्यात घोड्याचा नांगर फिरवता येत नव्हता. अशा जागी पायनांगरच चालायचा. असा प्रबंध कोणी लिहिला तर मी तो आनंदाने वाचेन.

एडिनबरा आणि ग्लासगो विद्यापीठांत इंग्रजीतून सेल्टिक विषय (गेलिक ज्या भाषाकुळातली आहे त्या भाषा आणि संस्कृती) शिकता येतात, तो मार्गही चांगला आहे, पण वर सांगितलेल्या कारणासाठी गेलिक तरीही शिकाच. परदेशी विद्यार्थ्यांचं शुल्क मात्र स्थानिकांपेक्षा बरंच जास्त असतं. दूरस्थ किंवा अर्धवेळ अभ्यासक्रम घेणार असाल तर व्हिसाचे नियम आधी तपासा, कारण दूरस्थ शिक्षणासाठी तिथे राहायचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही.

तोवर घरबसल्या एक काम करा. ‘टोबर अन दुअलखस’ या संकेतस्थळावर एडिनबरा विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने (स्थापना 1951) गावोगाव जाऊन केलेली ध्वनिमुद्रणं मोफत ऐकायला मिळतात. त्यातली लोकर मळतानाची गाणी आधी ऐका. विणलेलं ओलं कापड बायका फळीवर एका तालात आपटत, एक जण कडवं म्हणे, बाकीच्या धृपद उचलत. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखीच ही कामातून निघालेली बायकांची गाणी. काही जुनी गाणी याच कामामुळे टिकून राहिली. शब्द कळले नाहीत तरी चालेल. रोज थोडं ऐका, सोबत लर्नगेलिक हे संकेतस्थळ किंवा ड्युओलिंगो हे अ‍ॅप वापरून भाषेचा पाया पक्का करा, आणि मग सावल मोर ओस्तिकच्या दूरस्थ भाषावर्गासाठी अर्ज करा.